सांगितले, पण आले का?



वर्गात फळ्यावर भागाकार सोडवून दाखवावा आणि ‘समजला का?’ म्हणून विचारावे, तर सगळा वर्ग एका सुरात ‘हो, टीचर’ म्हणतो. आकडे बदलून तोच भागाकार वहीत सोडवायला दिला की खरी परिस्थिती कळते. मुले खोटे बोलत नसतात. ऐकताना त्यांना खरोखरच समजल्यासारखे वाटलेले असते. ऐकणे वेगळे आणि स्वतःला करता येणे वेगळे, हे आम्हा शिक्षकांना बी.एड.ला शिकवतात आणि वर्गात ते रोज पटते.

दवाखान्यातही हेच घडते. मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर औषध लिहून देतात, सिस्टर इन्सुलिन कसे घ्यायचे ते सांगतात आणि विचारतात, ‘समजलं ना, चाची?’ मागे रांग असते, गावाकडची एसटी चुकण्याची धास्ती असते, पुन्हा विचारायची लाज वाटते. चाची म्हणतात, ‘हो, समजलं.’ घरी येऊन सिरिंज हातात घेतली की काहीच आठवत नाही.

ही केवळ कमी शिकलेल्या माणसांची गोष्ट नाही. नेदरलँड्सचे संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. दवाखान्यात सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी लक्षात राहते त्यातलीही जवळजवळ निम्मी चुकीची लक्षात राहते, असे त्यात दिसून आले.

सर्दी-खोकल्यात हे एक वेळ चालून जाते. मधुमेह मात्र घरात सांभाळायचा आजार आहे. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांतून दहा मिनिटांची. बाकीचे सगळे दिवस सुई टोचणे, ताट वाढणे, पाय पाहणे, रात्री घाम फुटला तर उठून साखर देणे हे घरच्यांच्या हातात असते. म्हणून मधुमेहाच्या घरात कुणाला तरी सिस्टर व्हावेच लागते. ती सून असेल, मुलगी असेल, मुलगा असेल किंवा रुग्ण स्वतः.

हा विचार इन्सुलिनपेक्षाही जुना आहे. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९१८ मध्येच डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही वाचता येईल असे मधुमेहाचे मार्गदर्शक पुस्तक काढले. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातली मुले जगू लागली. त्यानंतर जोस्लिन यांनी परिचारिकांना खास तयार केले, ते रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवण्यासाठी.

आज हा प्रश्न आपल्या दारात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते आपल्याच किनाऱ्यावरच्या गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एक. ‘अंगाने काडी, त्याला कसली शुगर?’ असे आपण म्हणतो, तेही खरे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असे त्यांना आढळले. त्यामुळे बारीक माणसालाही तपासणीतून सूट नाही.

मुरूडपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या घरांत ज्या गोष्टी सांगितल्या जातात पण येत नाहीत, त्या आता एकेक करून पाहू.

बाटली आणि सिरिंज

आपल्याकडे बहुतेक घरांतले कुणी ना कुणी आखातात असते. सुट्टीवर येताना मुलगा अम्मीसाठी खजुराबरोबर औषधेही आणतो. इन्सुलिनच्या बाबतीत यात मोठा धोका आहे आणि तो साध्या गणिताचा आहे.

भारतात बाटलीत मिळणारे इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असे असते. त्याची सिरिंज लाल टोपणाची. आखाती देशांत आणि जगात बहुतेक ठिकाणी एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता समजा, अम्मींचा डोस २० युनिट आहे. घरात लाल टोपणाची सिरिंज आहे आणि बाटली मुलाने आणलेली. लाल सिरिंज २० च्या खुणेपर्यंत भरली म्हणजे अर्धा मिलिलिटर झाले. ४० च्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर घेतले तर २० युनिट. १०० च्या बाटलीतून तेवढेच घेतले तर ५० युनिट, म्हणजे अडीचपट! वयस्क बाईला रात्री एवढे इन्सुलिन गेले तर जिवावर बेतू शकते. याच्या उलट झाले, ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज, तर २० ऐवजी ८ च युनिट अंगात जातात. शुगर चढत राहते आणि आपण म्हणतो, ‘औषध लागू पडत नाही.’

म्हणून नवी बाटली घरात आली की आधी तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवायचा. ४० ला ४०, १०० ला १००. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. पेनच्या कार्ट्रिजमध्ये आपल्याकडेही १०० चेच इन्सुलिन असते. ते सिरिंजने ओढून काढू नये.

आणखी दोन गोष्टी. रोज एकाच जागी सुई टोचली की तिथे कातडीखाली गाठ येते. तिथे दुखत नाही म्हणून रुग्णाला ती जागा आवडते, पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. बेंबीपासून दोन बोटे सोडून पोट, मांड्या, अशा जागा बदलत राहा. दुधासारखे गढूळ इन्सुलिन असेल तर बाटली हलकेच तळहातांत फिरवून एकसारखे करून घ्यायचे, जोरात हलवायचे नाही.

आपल्या घरांत दिवस नमाजांनी मोजला जातो. ‘मगरिबनंतर इंजेक्शन’ असे ठरवणे सोपे वाटते. पण आपल्या किनाऱ्यावर मगरिब हिवाळ्यात सहाच्या सुमारास होते आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला सव्वासातला. जेवण मात्र नऊलाच! जेवणाआधी घ्यायचे इन्सुलिन जेवणाशी बांधा. ताट वाढायची तयारी झाली की मगच सुई.

वीज गेली तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकले. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. फ्रीजचे नुसते कपाट झाले. अशा वेळी इन्सुलिनचे काय करायचे, हे आधीच ठाऊक असायला हवे.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वाया गेले. वापरात असलेली बाटली बाहेर, उन्हापासून आणि चुलीपासून दूर, साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस त्या औषधाच्या कागदावर छापलेले असतात. वीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा, ते मडके मोठ्या मडक्यात ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. आपली हवा दमट, त्यामुळे मडके घाटावरच्या इतके गार होत नाही, पण पत्र्याखालच्या कपाटापेक्षा ते केव्हाही बरे. केनियातील दगाहले निर्वासित छावणीतही हाच प्रश्न होता. तिथल्या घरांतले तापमान लक्षात घेऊन ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने तपासणी केली. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे टिकले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा वीज गेली म्हणून घाबरून इन्सुलिन बंद करणे, ही त्या परिस्थितीतली सर्वांत वाईट गोष्ट. पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन गढूळ झाले किंवा त्यात गुठळ्या दिसल्या, तर मात्र ते टाकून द्या आणि लवकरात लवकर नवे मिळवा.

आपल्या दमट हवेने ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही खराब होतात. त्यांची डबी लगेच घट्ट बंद करा. तपासण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या हाताने बोट टोचले, तर यंत्र आंब्याचीच साखर मोजते!

शुगर उतरली तर

चढलेली शुगर हळूहळू नुकसान करते, उतरलेली शुगर काही मिनिटांत करते. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. शांत स्वभावाच्या दादी अचानक भांडायला लागल्या, तर आधी शुगर तपासा.

आकडा ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल पण लक्षणे असतील, तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात घालून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्या. बरे वाटल्यावर भाकरी, बिस्किटे असे काही खायला द्या. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी उतरलेली शुगर तासाभराने पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी रुग्णाला एकटे झोपू देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा.

भात बंद, भाकरी चालू?

‘डॉक्टरांनी भात बंद केला, म्हणून आता तीन भाकऱ्या खातो,’ हे वाक्य आपल्या भागात वारंवार ऐकू येते. पण आपली भाकरी तांदळाची, घावणे तांदळाचे, सांदणही तांदळाचे. तांदूळ दळला म्हणून त्याची साखर कमी होत नाही. नाचणीत तंतू जास्त, म्हणून ती बरी. पण तीही मोजूनच. मध, गूळ, खजूर नैसर्गिक असले तरी रक्तात गेल्यावर त्यांची साखरच होते.

सोपा हिशेब ताटाचा. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट मासे, अंडी किंवा डाळ, आणि उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी, दोन्ही मिळून. मासे ही आपल्याला अल्लाहने दिलेली मोठी नेमत आहे. फक्त तळण्यापेक्षा कालवण बरे, आणि सोबत रक्तदाब असेल तर खारवलेली सुकी मासळी कमी. कारले, मेथी खुशाल खा, पण भाजी म्हणून. गोळीच्या बदली नाही.

वुजू आणि पाय

मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते. चप्पलमध्ये खडा गेला, काटा रुतला, पाणी जास्त गरम होते, हे कळतच नाही. जखम चिघळते आणि गोष्ट बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाते. म्हणून रोज पाय पाहा, असे सिस्टर सांगतात. आपल्याला तर दिवसातून पाच वेळा पायांना हात लावायची सवय आहे. वुजू करताना बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवतोच. त्याच वेळी भेग, फोड, लाली, ओल आहे का ते पाहा. पण तिथे एक काम बाकी राहते. वुजूनंतर बेचक्या कोरड्या पुसल्या जात नाहीत आणि त्या ओलीत बुरशी धरते. वुजूच्या जागेशेजारी एक सुती फडके टांगून ठेवा. ज्यांना वाकता येत नाही किंवा नीट दिसत नाही, त्यांचे पाय नातवंडांनी पाहावेत. अंगणात, वाळूत अनवाणी फिरू नये. कुरूप ब्लेडने कापू नये. जखम झाली तर दुखण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण ती दुखणारच नाही.

रोजा

आजारी माणसाला रोजातून सवलत आहे आणि ती सूरह बकरामध्येच दिलेली आहे. तरीही आपल्या घरांतले वडीलधारे ती घ्यायला तयार नसतात. त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे. पण २००१ मध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा अभ्यास झाला. त्यात टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढलेले आढळले.

याचा अर्थ कोणीच रोजा ठेवू नये, असा नाही. कित्येकांना तो सुखरूप ठेवता येतो. मात्र डॉक्टरांकडे जायचे ते चाँद दिसल्यावर नव्हे, रजबमध्येच. म्हणजे गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा व मात्रा बदलून पाहायला सवड मिळते. सकाळचा पूर्ण डोस स्वतःच्या मनाने सेहरीला घेणे धोक्याचे. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, नुकतीच शुगर एकदम उतरलेली असणे, अशांनी तर डॉक्टरांनी नको म्हटल्यावर हट्ट धरू नये. कजा आणि फिदया यांचे मसले आपल्या आलिमांना विचारावेत.

‘बोट टोचले तर रोजा तुटेल’ या भीतीने लोक दिवसभर तपासतच नाहीत. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या ठरावात, तपासणीसाठी रक्त घेतल्याने रोजा तुटत नाही, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा रोजातही तपासा. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरिबला दहाच मिनिटे उरली असली तरी रोजा सोडा. जीव ही अल्लाहची अमानत आहे. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी पुरे. सरबत, भजी, फिरनी यांची रांग नको. तरावीहला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा.

आता मी करून दाखवते

पुढच्या वेळी सिस्टरनी सांगून झाले की ‘समजलं’ म्हणू नका. ‘सिस्टर, आता मी करून दाखवते, चुकले तर सांगा,’ असे म्हणा. परिचारिकांच्या शिक्षणातही ही पद्धत मानलेली आहे. त्यांना त्याचा राग येत नाही, उलट बरे वाटते. सोबत घरचे एक माणूस न्या, आणि डोस मराठीत किंवा उर्दूत, घरात जे वाचता येते त्यात, लिहून घ्या.

सरकारी मदतही जवळ आहे. मधुमेह, हृदयरोगासारख्या आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई अर्जात भरतात आणि उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर तपासून मिळते. आशाताई दारात आल्या की ‘आम्हाला काही नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.

आणि या जुम्म्याला घरात एक छोटी तोंडी परीक्षा घ्या. ज्या घरात मधुमेह आहे, तिथे रुग्णाला आणि आणखी एकाला हे पाच प्रश्न विचारा. बाटलीवर आकडा कोणता आणि सिरिंजवर कोणता? शुगर उतरली तर काय द्यायचे, किती आणि पुन्हा कधी तपासायचे? बेशुद्ध असेल तर काय करायचे नाही? पाय शेवटचे नीट कधी पाहिले? वीज गेली तर इन्सुलिन कुठे ठेवणार? ज्याचे उत्तर आले नाही, तो प्रश्न चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या भेटीत सिस्टरना पहिल्यांदा तेच विचारायचे. अल्लाह आपल्या सर्व बीमारांना शिफा देवो. आमीन.